पातळ सालीची लिंबं

बोट आत गेलं. ते जायला नको होतं. फ्रिजच्या तळच्या खणात, कोबीच्या मागे, सुती पिशवीत हात घालून त्याने एक लिंबू चिमटीत धरलं, आणि कुठलंही शहाणं लिंबू अशा वेळी जी हरकत घेतं ती या लिंबाने घेतलीच नाही. साल नुसती बाजूला झाली, नको असलेल्या पाहुण्याला नाइलाजाने आत घ्यावं तशी, आणि बोट पहिलं पेर ओलांडून थंड, लिबलिबीत अशा कशात तरी जाऊन बसलं. गंमत म्हणजे त्याने ते लगेच काढलं नाही. किळस यायला अर्धा क्षण लागतो, आणि तेवढ्या वेळात बोट आपल्या हौसेने आत जरासं हललं, चौकशी केल्यासारखं. मग शहारा आला. तो बोटातून आला नाही, मानेमागून आला आणि उतरत उतरत पोटात जाऊन बसला. बोट बाहेर निघालं तेव्हा त्यावर पीठ होतं, हिरवट करडं, मऊ, कडेला पांढऱ्याची बारीक रेघ. फुंकरीने उडेल असं. म्हणून त्याने श्वास धरला आणि श्वास धरूनच सिंकपर्यंत गेला, आणि जाता जाता, माणूस सवयीचा गुलाम असल्यामुळे, त्याने ती छटा ओळखली. रंगांच्या कारखान्यात त्याचं आयुष्य छटा जुळवण्यात गेलं होतं. ही छटा त्यांच्या छटापुस्तकात होती. एका इस्पितळाच्या भिंतींसाठी त्याने ती स्वतः जुळवून दिली होती आणि शिफारशीत लिहिलं होतं की हा रंग डोळ्यांना शांत करतो, भूक वाढवतो.

त्याने हात धुतला. साबण लावून धुतला, मग भांड्यांच्या साबणाने धुतला. त्या साबणाच्या बाटलीवर लिंबाचं चित्र होतं, फोड कापलेलं, दवबिंदूंनी नटलेलं, नटीसारखं हसणारं. त्याने बाटली भिंतीकडे तोंड करून ठेवली. बोट स्वच्छ झालं होतं, पण ते त्याला आपलं वाटेना. उरलेल्या चार बोटांपासून त्याला जरा लांब धरून तो स्वयंपाकघरात उभा राहिला. ओट्यावर मासा वाट बघत होता. बायको संध्याकाळी येणार होती आणि आज रजा घेऊन आपण स्वयंपाक करायचा असं त्याने ठरवलं होतं. ठरवलं होतं म्हणजे तसं ठरवणं त्याला शोभून दिसेल असं त्याला वाटलं होतं. ती दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवायची. बाहेरगावच्या एका मोठ्या लॅबने तिला बोलावलं होतं, सगळ्या कारागिरांवर मुख्य म्हणून. तिची बहीण त्याच गावात राहते, तेव्हा राहायची सोय होती. सुट्टीला इकडे यायचं, बाकी तिकडे. जागा बघून येते, येईन ती ठरवूनच येईन, असं सांगून ती गेली होती. जायच्या आदल्या दिवशी, कपडे घड्या करता करता तिने विचारलं होतं, "तुम्हाला काय वाटतं?" आणि त्याने वर्तमानपत्रातून मान वर न काढता सांगितलं होतं, "तू इथे सुखात आहेस. मला कळतं ना." ती घडी करत राहिली होती. त्या वेळी त्याला वाटलं होतं, पटलं तिला.

कळणं हा त्याचा धंदाच होता. कारखान्यात त्याला दुर्बीण म्हणत. पांढऱ्या रंगाच्या दोन नमुना-पाट्या ठेवल्या तर यातला एक पांढरा रागावलेला आहे, असं सांगणारा माणूस. नाकाने कांदे सोलतो, असंही त्याच्या मागे म्हणत, आणि ते त्याला माहीत होतं, आणि मनातून आवडत होतं. घरात मात्र त्याच्या वाट्याला कांदे आले नाहीत, लिंबं आली. लग्नानंतर घरकामाची वाटणी झाली तेव्हा बाकी सगळं तिच्याकडे गेलं आणि लिंबांची खरेदी त्याच्याकडे, कारण ते काम जाणकाराचं होतं. रविवारी सकाळी तो पिशवी घेऊन बाजारात जाई. साल पातळ हवी, तकतकीत हवी. हातात घेतलं तर दिसतं त्यापेक्षा जड वाटायला हवं. टोकाला फार निमुळतं असेल तर साल जाड समजावी. देठाची खूण हिरवी हवी, तपकिरी पडली की समजा ते प्रवासात म्हातारं झालंय. एकेक लिंबू उचलून, तळव्यावर तोलून, अंगठ्याने दाबून तो बाजूला ठेवायचा, आणि लिंबूवाली गालात सुपारी धरून बघत बसायची. एकदा तिला राहवलं नाही. "साहेब, लिंबं घेताय का जावई निवडताय?" शेजारचा कांदेवाला खिदळला. "रस बघतोय, बाई," तो म्हणाला. "बघा बघा. पगार किती तेही विचारून घ्या त्याला." तो हसला होता, उदारपणे, जाणकार माणूस अडाण्यांत हसतो तसा. घरी आल्यावर प्रवचन. कापलेलं लिंबू उघडं ठेवू नये, कडू होतं. पिळताना बी चिरडू नये. गॅस बंद केल्यावरच रस घालावा, शिजवलेला रस म्हणजे रडून झालेला माणूस, त्यात काही उरत नाही. हे वाक्य त्याचं स्वतःचं होतं आणि तो ते पाहुण्यांपुढे म्हणायचा. सूपचा पहिला चमचा घेऊन डोळे मिटायचे, क्षणभर थांबायचं आणि म्हणायचं, "बघा. हे लिंबू." पाहुणे माना डोलवायचे. बायको वाढत असायची.

त्याने पिशवी ओट्यावर उपडी केली. म्हणजे चिमट्याने तळ धरून, तोंड फिरवून उपडी केली. वरची गेल्या रविवारची होती, ती जायच्या दिवशी त्याने आणलेली, अजून धडधाकट. त्यांच्याखालची त्याच्या आधीच्या रविवारची, सालीवर सुरकुती धरलेली. त्यांच्याखाली बुरशीने हिरवी झालेली. आणि अगदी तळाशी, खडखड वाजत, काळपट, टणक, सुपारीएवढी झालेली काही, जी कधी काळी लिंबं होती हे फक्त संगतीवरून कळत होतं. त्यातलं एकही कापलेलं नव्हतं. हे ध्यानात यायला त्याला वेळ लागला, कारण आधी त्याचं सगळं लक्ष वासाकडे होतं. वास घाण असता तर बरं झालं असतं. तो गोडसर होता, जुन्या अत्तराच्या बाटलीसारखा, ओळखीचा असल्यासारखा सलगी करणारा. आणि तेवढ्यात विचार आला, की एकही कापलेलं नाही म्हणजे ही वापरलीच नाहीत. मग गेल्या आठवड्याच्या, त्याच्या आधीच्या, त्याच्याही आधीच्या सूपमध्ये डोळे मिटून आपण काय ओळखत होतो?

शोधायला फार लागलं नाही. लपवणाऱ्याने नीट लपवलंच नव्हतं. लपवायची गरज नव्हती, कारण या घरातल्या फळीपर्यंत त्याचा हात कधी जात नसे. मिठाच्या बरणीमागे प्लॅस्टिकचा पांढरा डबा होता, तिच्या लॅबमधला, वर कवळीच्या प्लॅस्टरचं जुनं लेबल. आत बारीक पांढरे खडे. त्यात एक छोटा चमचा, दांड्याची चमक गेलेला, म्हणजे रोजच्या हातातला. त्याने चिमूटभर जिभेवर ठेवलं. आंबट. लिंबूसत्व, किराणा दुकानात पुडीने मिळतं ते, जे कारखान्यात बॉयलरच्या नळ्यांतला क्षार काढायला पोत्याने येतं. पण ते नाव त्याला नंतर आठवलं. आधी जिभेने सांगितलं ते वेगळंच होतं. जीभ म्हणाली, बघा. हे लिंबू.

आता इथे एखादा साधा माणूस संतापला असता, किंवा हसला असता. तो चाचणी घ्यायला बसला. सवय मोठी वाईट. दोन सारखे ग्लास, सारखं पाणी. एकात वरच्या धडक्या लिंबाचा रस, चहाच्या गाळणीतून गाळून, म्हणजे गर दिसून फितुरी नको. दुसऱ्यात डब्यातली चिमूट. एकाच्या बुडाला चिकटपट्टीचा तुकडा लावला, डोळे मिटून ग्लास इतके फिरवले की कुठला कोणता याचा आपल्यालाही पत्ता लागू नये. कारखान्यात तो नव्या पोरांना हेच शिकवायचा, नाव न बघता बघा. पहिला घोट. कच्चट काहीतरी, शेवटी कडवट, घशाला ओरखडणारं, सालीच्या तेलाचा उग्र वास नाकात चढवणारं. त्याला ते जरा बिघडल्यासारखं वाटलं. दुसरा घोट. सरळ, स्वच्छ, आज्ञाधारक आंबट. त्याने नकळत मान डोलावली. हे. चूळ भरली, ग्लास पुन्हा फिरवले, पुन्हा चाखलं. पुन्हा हेच. मग उचलून बूड पाहिलं आणि खुर्चीवर बसला. ज्याला त्याने मान डोलावली ते पुडीतलं होतं. जावई निवडावा तसं निवडून आणलेलं लिंबू त्याच्या तोंडात वर्षानुवर्षांत पहिल्यांदा गेलं होतं, आणि ते त्याला नासकं लागलं होतं. त्याने जीभ बाहेर काढून स्टीलच्या ताटात बघितली. पांढरट, भेगाळ, मधे पिवळट थर, कडांना दातांच्या खुणा. एवढ्या ओल्या, आंधळ्या मांसाच्या तुकड्यावर आपण पाहुण्यांपुढे डोळे मिटत होतो. ताटातल्या त्या जिभेकडे बघत असताना ती आपोआप जराशी हलली. त्याने तोंड मिटलं.

लेकीला फोन लावला तेव्हा आपण काय विचारणार आहोत हे त्याला माहीत नव्हतं. ती दुसऱ्या शहरात, वसतिगृहात, मागे कुणाचे तरी हसण्याचे आवाज. "तुझी आई," तो म्हणाला, "स्वयंपाकात लिंबू कुठलं वापरते?" पलीकडून फुटलेलं हसू. "बाबा! तुला आत्ता कळलं?"

"म्हणजे तुला माहीत होतं."

"अरे, अख्ख्या घराला माहीत आहे."

अख्खं घर म्हणजे तिघं. त्यातला एक वजा करून त्याने हिशेब समजून घेतला. "आणि मी आणतो त्यांचं काय होतं?"

"शनिवारी जातात कचऱ्यात. तू कामावर असतोस तेव्हा. या शनिवारी निघायच्या गडबडीत राहिली असतील. तळाची एखाद वेळी राहून जातात, ती मग ममी होतात." पुन्हा हसू, मग एकदम हसू आवरून, "बाबा, तू चिडला नाहीस ना? तिची बोटं फुटतात रे. त्या कवळीच्या केमिकलने. चिरा पडतात. त्यात लिंबाचा रस गेला की आग होते. सांगितलं होतं तिने तुला एकदा. मी होते ना तिथे, गृहपाठ करत."

"मग मी काय म्हणालो?"

"तू तिला लिंबू ओट्यावर कसं घोळवायचं ते शिकवलंस."

फोन ठेवल्यावर ते सगळं आलं. शिकवणी फार मन लावून घेतली होती त्याने, म्हणून लख्ख आलं. ती सिंकशी उभी, हात नळाखाली धरलेला, ओठ दाताखाली. "लिंबू झोंबतं हो फार," असं काहीतरी. आणि तो उठून आला होता, उत्साहाने, कारण विषय त्याचा होता. झोंबतं कारण तू जोर लावून पिळतेस. आधी घोळवून घ्यायचं, असं, तळव्याखाली, वजन द्यायचं, मग आतल्या पाकळ्या सैल होतात, बोटांना त्रास नाही. कोमट पाण्यात बुडवून ठेवलं तर आणखी उत्तम. त्याने तिचा हात धरून, तिच्या हाताखाली लिंबू देऊन घोळवून दाखवलं होतं. तिचा तळवा त्याच्या तळव्याखाली होता. खरखरीत लागला होता, हेही आता आठवलं. त्या वेळी ती खरखर त्याने सालीची समजली होती. "जमलं?" त्याने विचारलं होतं. "जमलं," ती म्हणाली होती. आणि त्यानंतर लिंबाबद्दल या घरात कधी तक्रार झाली नाही, याचं श्रेय त्याने, अर्थात, घोळवण्याला दिलं होतं.

तिने फसवलं याचा राग येईना. राग यावा म्हणून त्याने जरा प्रयत्नही केला. पण जे आलं ते पोटातून आलं आणि बोटाच्या टोकाला जाऊन बसलं, त्या हिरव्या पिठाच्या जागी. तिने त्याच्यावर दया केली होती. रविवारमागून रविवार, पिशवी हातात घेऊन "छान आहेत हो" म्हणत. शनिवारमागून शनिवार ती कचऱ्यात टाकत. कुत्र्याने बागेतून हाड उकरून दारात आणून ठेवावं, शेपूट हलवावी, घरच्यांनी शाबास म्हणावं आणि त्याची पाठ वळली की उचलून फेकावं. हाडाला तरी वास असतो, कुत्र्याला तो कळतो. आणि लिंबांवर हे थांबत असेल असं कशावरून? त्याने आवडीने आणलेल्या साड्या. त्याचे विनोद. दिवाणखान्याच्या भिंतीचा रंग, जो त्याने तिला न विचारता निवडला होता आणि जो बघून ती म्हणाली होती, "छान आहे हो." त्याच स्वरात. तो उठून दिवाणखान्यात जाऊन आला. भिंत तशीच होती, पण आता तिच्याकडे बघवेना. कुठे हात लावावा आणि कुठे बोट आत जाईल याचा भरवसा उरला नव्हता. तू इथे सुखात आहेस, मला कळतं ना.

मग त्याने ते केलं ज्याची त्याला त्या दिवशी सगळ्यात जास्त शिसारी यायला हवी होती, पण करताना आली नाही, कारण हात कामात होते. त्याने सगळी लिंबं, धडकीसुद्धा, जुन्या कागदात गुंडाळली, वरून पिशवी बांधली आणि खाली जाऊन सार्वजनिक कचरापेटीत टाकून आला. खण बाहेर काढून घासला. सुती पिशवीही फेकली. लिंबूसत्वाचा डबा मिठाच्या बरणीमागे होता तसा ठेवला, लेबल बाहेर, चमच्याचा दांडा उजवीकडे. मागे सरकून, डोळे बारीक करून, जुळतंय ना हे बघितलं. जुळत होतं. या कामात त्याचा हात कुणी धरला नसता.

संध्याकाळी ती आली. चप्पल काढतानाच म्हणाली, "बाई गं, काय ती बस. माझी कंबर अजून मागच्या स्टॉपवरच आहे." मग स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्यायली, तळलेला मासा बघितला, नुसती भुवई वर केली आणि फ्रिज उघडला. 

"खणाला काय झालं?"

"पुसला."

"तुम्ही?"

"का, मी पुसू नये?"

"पुसा की. मी कशाला नको म्हणू?" खण आत ढकलल्याचा आवाज. "आणि लिंबं?"

"वापरली."

"सगळी?"

"सगळी. माशाला. पाण्यात पिळून प्यायलो. गरम होत होतं ना फार."

ती दारात आली आणि तिने त्याच्याकडे पाहिलं. तिच्या बोटांना तीन ठिकाणी चिकटपट्ट्या होत्या. एवढ्या वर्षांत त्या तिथे असणारच, त्याने त्या आज पाहिल्या. ती बघत होती आणि तो बघू देत होता, आणि दोघांच्या मधे, टेबलाच्या उंचीवर, मऊ आणि ओलसर असं काहीतरी होतं, ज्यावर कुणीच बोट ठेवत नव्हतं. "बरं," ती म्हणाली. "रविवारी आणा मग. तुमच्यासारखी निवडायला मला नाही बाई जमत." आणि सूप करायला गेली. त्याने तिकडे पाठ केली आणि ताटं, वाट्या, चमचे असं सगळं आवाज करत मांडलं, म्हणजे तिला मिठाच्या बरणीमागे हात घालायला सवड मिळावी. सवड द्यायलाही त्याला एवढं चांगलं जमेल असं त्याला वाटलं नव्हतं.

जेवताना तिनेच काढलं. "राहतेय मी."

त्याचा चमचा वाटीत होता. "कुठे?"

"कुठे म्हणजे? इथे. त्यांना कळवून टाकलं बसमधूनच, जमायचं नाही म्हणून."

"का?"

"का काय? तुम्हीच म्हणालात ना, इथे मी सुखात आहे." तिने माशाचा काटा काढून ताटाच्या कडेला ठेवला. "तुम्हाला कळतं ना."

त्याने तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं, कारखान्यात तीन वेगवेगळ्या दिव्यांखाली रंगाची पाटी बघावी तसं. टोमणा होता का? होता म्हटलं तर होता. खरं होतं का? तेही बसत होतं. तिथे काहीच कमी-जास्त नव्हतं, सगळा एकसारखा, सपाट, नीट वाळलेला चेहरा. "जागा कशी होती?" त्याने विचारलं.

"जागा छान हो. उजेड चांगला. माणसं बरी आहेत." थांबून, सहज, "आणि पातळ हातमोजे देतात. तिथल्या बायकांचे हात बघाल तर, बाळांसारखे."

आता बोलायला हवं होतं. वाक्य तयार होतं, फार मोठंही नव्हतं. मला काही कळत नाही, माझ्या बोलण्यावर जाऊ नकोस, फोन करून सांग येते म्हणून. ते जिभेपर्यंत आलं आणि त्याच्या आधी, त्याला न विचारता, खालून दुसरंच काहीतरी वर आलं. कोमट, सुस्त, पोटभर. सुटलो. ती राहतेय. सकाळी ती असेल, कपडे घडी होतील, रविवारी कुणीतरी पिशवी हातात घेऊन छान आहेत हो म्हणेल. ते सुख इतकं निर्लज्ज होतं, इतकं मऊ, आणि इतकं त्याचं स्वतःचं, की फ्रिजमधलं जे काही होतं ते त्याच्यापुढे स्वच्छ वाटावं. त्याने ते बघितलं, नीट बघितलं, आणि तोंड फिरवलं नाही. नुसता सूपचा चमचा उचलला.

"बरं झालं," तो म्हणाला.

"हं," ती म्हणाली, आणि त्याच्या वाटीत आणखी वाढलं.

त्या रात्री त्याला झोप गाढ लागली. सकाळी उठल्यावर त्याला या झोपेची इतकी किळस आली की तो बराच वेळ पलंगाच्या कडेला पाय सोडून, हात मांडीवर, उताणे ठेवून बसून राहिला. म्हणजे चहा झाल्याची हाक येईपर्यंत.